तेरा माणसांची लिफ्ट

दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी ‘ऑरेलिया’ टॉवरच्या बी विंगची सर्व्हिस लिफ्ट बंद पडली. पोटात एक फुटकी कुंडी आणि कुणाची तरी जुनी गादी घेऊन ती तळमजल्यावर दार उघडं टाकून स्वस्थ बसली. तिच्या शेजारची पाटी मात्र चालू होती. ‘घरकामगार, डिलिव्हरीवाले व पाळीव प्राणी यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी.’ लिफ्ट बंद असली तर काय करावं, हे पाटीला माहीत नव्हतं.

बी विंगला लिफ्ट दोनच. ही एक, आणि दुसरी मेन, आरशांची.

पाळीव प्राण्यांची सोय त्याच दिवशी झाली. अकराव्या मजल्यावरचा कुत्रा वयस्कर होता, त्याला डॉक्टरांनी जिने मना केले होते. सोसायटीने त्याला मेन लिफ्टची लेखी परवानगी दिली. मालन घाडीलाही डॉक्टरांनी जिने मना केले होते, पण तिचा डॉक्टर सरकारी इस्पितळातला. त्याने ते तोंडी सांगितलं होतं, आणि सांगताना त्याचं लक्ष पुढच्या पेशंटकडे होतं.

मालन एकोणिसाव्या मजल्यावर स्वयंपाक करायची. वय चौपन्न, अंगाने स्थूल, दोन्ही गुडघ्यांना काळे पट्टे. सकाळी सातला ती जिन्याच्या तोंडाशी यायची, पदर खोचायची आणि कठडा धरून एकेक पाय वर घ्यायची. उजवा पाय पुढे, मग डावा त्याच पायरीवर. आठव्या मजल्यावर, आग लागली तर थांबायची, मोकळी जागा होती. आग लागलेली नसली तरी बायका तिथे थांबायच्या. भिंतीला पाठ लावून बसायच्या, पाय लांब करायच्या. एकविसाव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची देखभाल करणारी भायखळ्याची जेन मालनच्या पोटऱ्या दाबून द्यायची.

“मालन, तुझे गुडघे वाजतायत,” जेन म्हणायची. “मला वाटलं कुणी शेंगा फोडतंय.”

“फोडतंय तर फोडू दे. पंधराव्याला परत बसू.”

एकोणिसाव्यावर पोचेपर्यंत साडेसात उलटून जायचे. तिथल्या अक्षदा मॅडम बँकेत होत्या आणि त्यांना आठ वाजता दोन डबे लागायचे. बाई वाईट नव्हती. तिने पहिल्या दिवशी मालनला पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी ओआरएस दिलं आणि चौथ्या दिवशी उत्तर दिलं.

“मावशी, मला कळतं हो. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय. पण डबा आठलाच पाहिजे. ह्या आठवड्यात तीनदा मी तशीच गेले. एक तारखेपर्यंत बघू या. नाहीच जमलं तर सहाव्या मजल्यावर ती नवीन मुलगी येते ना, सलोनी, ती हो म्हणालीय. ती धावत चढते.”

मालनने मान हलवली. सलोनी चोवीस वर्षांची होती. चोविसाव्या वर्षी मालनही धावत चढायची, पण तेव्हा लालबागमध्ये एकोणीस मजले नव्हते.

आता मेन लिफ्टचं. मेन लिफ्टच्या दाराशी सकाळी सहा ते दुपारी दोन जो वॉचमन उभा असायचा, त्याचं नाव कुशाबा घाडी. म्हणजे मालनचा नवरा.

टॉवरमध्ये हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. कुशाबा साडेपाचला काळाचौकीच्या खोलीतून निघायचा, मालन पावणेसातला. गणवेश एजन्सीचा होता, दोन माप मोठा. कुशाबा अठ्ठावन्न वर्षांचा, आणि आत्तापर्यंतच्या पाचही नोकऱ्यांत त्याच्याविरुद्ध एक तक्रार नव्हती, हे तो न विचारता सांगायचा.

जिना चढायच्या दुसऱ्याच दिवशी मालनचा उजवा गुडघा नारळाएवढा झाला होता. लॉबीत कोणी नाही असं बघून ती मेन लिफ्टपाशी आली. कुशाबाने तिच्याकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी हितेंद्र सकाळचं चालणं संपवून आत आले. कुशाबाचा हात आपोआप आडवा झाला.

“मावशी, इकडून नाही,” तो म्हणाला.

मालन जिन्याकडे वळली. तीन दिवस तिने त्याचं ताट झाकून ठेवलं. चौथ्या दिवशी तिने त्याच्यापुढे ताट सरकवलं.

“मावशीच्या हातचा भात आसा. चलात मा?”

कुशाबा जेवला. दुसऱ्यांदा भात मात्र त्याने मागितला नाही.

संघटनेची कचेरी परळला एका चाळीच्या तळमजल्यावर. पाटी घरेलू कामगार संघटनेची, पण रंग उडाला होता तिथे खालून गिरणी कामगारांच्या युनियनची अक्षरं डोकवायची. अध्यक्ष कॉम्रेड गंगाधर राणे. वय शहात्तर, चष्म्याला दोरी. ‘ऑरेलिया’ ज्या गिरणीच्या जागेवर उभी आहे, तिच्या साचेखात्यात, मागांवर, त्यांनी बावीस वर्षं काढली होती. लॉबीतल्या सोफ्याच्या जागी आपले साचे होते असं ते सांगायचे. कधी दोन साचे असायचे, कधी चार.

महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. संघटनेने वॉर्डातल्या सर्व उमेदवारांसाठी दहा मागण्यांचं पत्रक काढायचं ठरवलं होतं. चाळींना दुपारचं पाणी, मैदानावरचं अतिक्रमण, मंडईत बायकांसाठी संडास, फेरीवाल्यांना परवाने, जुन्या भाडेकरूंना त्याच वॉर्डात घर, अशा एकेक करून आठ मागण्या झाल्या. दहावी मागणी जागतिक शांततेची होती. ती गंगाधर काकांची, आणि ती प्रत्येक पत्रकात दहावी असायची. नववी रिकामी होती.

“लिफ्ट घाला,” जेन म्हणाली.

“लिफ्ट हा प्रश्न सामाजिक आहे की तांत्रिक?” काकांनी विचारलं.

“गुडघ्याचा आहे,” मालन म्हणाली.

काकांनी थोडा विचार केला. “म्हणजे सामाजिक. माणसाला माणसाबरोबर उभं राहू न देणं, हे ते. सूचक मालन घाडी. अनुमोदक?”

चौदा हात वर झाले. पत्रकाने भागणार नाही, कृती पाहिजे, असंही ठरलं. गुरुवारी सकाळी सात वाजता बी विंगमधल्या चौदा जणींनी मेन लिफ्टने वर जायचं. ठरावाचे शब्द काकांनी सांगितले: सर्वांनी, एकाच वेळी, एकाच लिफ्टने.

“काका, दोन खेपा करू या,” जेन म्हणाली. “गर्दी होईल.”

काकांनी चष्मा काढला. “संपात आपण काय चुकलो? गेटागेटाने फुटलो. एक गेट आत गेलं, दुसरं बाहेर राहिलं. खेप म्हणजे फूट. एकीत बळ असतं ते एकत्र असल्यावर.”

संपाचा विषय निघाला की त्या कचेरीत कोणी वाद घालत नसे. ठराव मंजूर झाला.

उमेदवारांपैकी नम्रताताईंनी दहाही मागण्या चार मिनिटांत मान्य केल्या, जागतिक शांततेसकट. गुरुवारी आपण जातीने येऊ, असंही त्यांनी सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी मालन भाकऱ्या थापत होती. कुशाबा बुटांना पॉलिश करत होता.

“उद्या सात वाजता आमी येतलो,” मालन म्हणाली.

“माका म्हायत आसा.”

“मग? तुमी अडवतल्यात?”

“ड्युटी आसा गो.”

“अडवा. पण एक करा. माझा नाव घेवन अडवा. एकोणतीस वर्सा संसार केलंय.”

कुशाबाने डावा बूट पुन्हा पॉलिश केला. तो आधीच झाला होता. न अडवलं तर त्याची नोकरी जाणार होती, अडवलं तर तिची. दोन्ही पगार त्याच खोलीत यायचे, त्यामुळे हिशेब कसाही मांडला तरी एक वजा होत होता. त्याने मांडून बघितला नाही. बूट खाटेखाली सारले.

पण हितेंद्र हे हुशार गृहस्थ होते. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवारबाई, मोबाईल कॅमेरा आणि चौदा मोलकरणी यांच्यासमोर आडवा हात चांगला दिसणार नाही, हे त्यांना बुधवारीच कळलं होतं. गुरुवारी पावणेसातला ते लॉबीत आले तेव्हा पाटी भिंतीवर नव्हती. चार स्क्रूंची भोकं होती.

“घाडी, आज कुणाला अडवायचं नाही,” ते म्हणाले. “येतील तेवढे जाऊ द्या.”

कुशाबाचे खांदे गणवेशाच्या आत एकदम खाली आले.

सात वाजता मोर्चा आला. पुढे जेन, मागे बायका दोन-दोनच्या रांगेत, सगळ्यांत शेवटी मालन, कारण तिला चालायला वेळ लागायचा. त्यांच्यामागे गंगाधर काका, हातात इतिवृत्ताची वही. घोषणा पाठ होत्या, पण द्यायच्या कुणाविरुद्ध ते समोर दिसेना. हितेंद्रांनी हात जोडले.

“या, या. आमच्याकडे असा नियमच नाही. कोणीही कुठल्याही लिफ्टने जावं. सर्व्हिस लिफ्ट ही आपली सोयीसाठी.”

नम्रताताई तेवढ्यात पोचल्या होत्या. त्यांचा कार्यकर्ता लवू मोबाईल धरून उभा होता. त्याने हितेंद्रांचं हे बोलणं पूर्ण घेतलं, आणि नीट आलं नाही म्हणून पुन्हा एकदा बोलायला लावलं.

मग बायका आत शिरल्या. लिफ्टला तीन बाजूंनी आरसे, त्यामुळे चौदा जणी बेचाळीस दिसू लागल्या. काका शिरले. नम्रताताई म्हणाल्या, मी पण तुमच्यातलीच, आणि शिरल्या. लवू बाहेरून चित्रण करू लागला. जेनने बटण दाबलं. लिफ्ट हलली नाही. आतून एक मशीनमधली बाई गोड आवाजात इंग्रजीत बोलली, आणि मग शिट्टी सुरू झाली.

“काय म्हणते ही?” काकांनी विचारलं.

“वजन जास्त झालंय,” कुशाबा म्हणाला. “तेरा माणसांची आहे. तुम्ही सोळा आहात.”

“आमची काहीच हरकत नाही,” हितेंद्र सोफ्यावर बसत म्हणाले. “हरकत लिफ्टची आहे.”

“कोणीही उतरायचं नाही,” काका म्हणाले. “ठराव आहे.”

कोणी उतरलं नाही. शिट्टी चालू राहिली. सात वाजून दहा मिनिटं झाली. वर जाणारे रहिवासी जमू लागले. कोणी दूध आणायला गेलेले, कोणी व्यायामशाळेतून आलेले. आत उकडू लागलं. कुणाची तरी डब्याची पिशवी मालनच्या गुडघ्याला टोचत होती, आणि गुडघा दुमडायला जागा नव्हती.

“काका, तिघांनी उतरू या ना,” मागच्या कोपऱ्यातून आवाज आला.

“ठराव बदलायचा तर मतदान घ्यावं लागेल. तिघांनी उतरावं या मताच्या असतील त्यांनी हात वर करा.”

हात वर करायला कुणाला जागा नव्हती. एकट्या जेनचा हात वर होता, पण तो मघाशी बटण दाबताना वर गेलेला, खाली घेता येत नव्हता. तो अनुकूल धरावा की नाही यावर चर्चा झाली. काकांनी तो तटस्थ धरला.

“ताई, तुम्ही उतरता का?” कोणीतरी नम्रताताईंना विचारलं.

“मी उतरले असते,” ताई म्हणाल्या, “पण मी उतरले तर त्याचा संदेश काय जाईल?”

“आणि मी उतरलो तर नेता पळाला म्हणतील,” काका म्हणाले.

सात वाजून बावीस मिनिटं.  मालन दारात अगदी कडेला उभी होती आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. त्या घड्याळाकडे कुशाबाही बघत होता. एजन्सीने त्याला कुर्ल्याच्या एका हॉलमध्ये दोन दिवस ट्रेनिंग दिलं होतं: सलाम कसा करायचा, आग कशी विझवायची, आणि लिफ्ट ओव्हरलोड झाली तर काय करायचं. शेवटी आला तो आधी बाहेर. सलाम तो रोज करायचा. आग आणि लिफ्टचा प्रसंग आजवर आला नव्हता.

तो दोन पावलं पुढे झाला, टोपी सरळ केली.

“मॅडम, तुम्ही शेवटी आलात. बाहेर या.”

नम्रताताईंनी लवूकडे बघितलं, लवूने मोबाईल खाली केला, ताई बाहेर आल्या.

“काका, त्यांच्या आधी तुम्ही. बाहेर या.”

“मी अध्यक्ष आहे.”

“होय. पण शेवटून दुसरे.”

काका बाहेर आले. आत चौदा राहिल्या. शिट्टी वाजतच होती. आता शेवटी कोण आलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. चौदा जणींमध्ये एकच बाई अशी होती जिचे गुडघे म्हणजे नववी मागणी होती. जेन म्हणाली, “मी उतरते, तिला राहू द्या.” पण जेन पार मागे आरशाला चिकटलेली, तिला उतरवायचं तर सगळ्यांनाच उतरावं लागलं असतं.

लॉबीत दहा-बारा माणसं होती. हितेंद्र होते.

“मालन,” कुशाबा म्हणाला. “बाहेर ये.”

मालन बाहेर आली. उजवा पाय आधी, मग डावा. शिट्टी थांबली, दार मिटलं, तेरा जणी वर गेल्या. गंगाधर काका सोफ्यावर, आपल्या साच्यांच्या जागी बसले आणि त्यांनी वहीत लिहिलं की एका सदस्येने ठरावाचा भंग करून लिफ्ट सोडली.

लिफ्ट खाली येते, ही गोष्ट ठराव करताना कुणाच्या लक्षात आली नव्हती. तेरा जणींना आठ मजल्यांवर सोडून ती पाच मिनिटांत परत आली. दार उघडलं. रहिवासी सरसावले. कुशाबाने हात आडवा केला.

“साहेब, एक मिनिट. हिचा नंबर पहिला.”

“अरे, पण सगळे मावतो की,” एक गृहस्थ म्हणाले.

“मग चला ना,” कुशाबा म्हणाला, आणि हात काढला. “या. मालन, तू पण.”

मालन आत जाऊन उभी राहिली. कोपऱ्यात, अंग चोरून, बाकीच्यांना जागा ठेवून. बाहेर नऊ रहिवासी होते. एक बाई मोबाईलमध्ये बघू लागली. एकाला बुटाची नाडी बांधायची होती. व्यायामशाळेतला तरुण म्हणाला, मी जिन्याने जातो, तेवढाच व्यायाम. हितेंद्र म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे, आम्ही नंतर येतो. काही घाई नाही.”

वीस मिनिटं त्यांना घाई होती.

दार मिटलं. तेरा माणसांच्या लिफ्टमधून मालन एकटी एकोणीस मजले वर गेली.

अक्षदा मॅडमनी दार उघडलं. “मावशी, ग्रुपवर तुमचा फोटो आलाय. लिफ्टमध्ये अगदी पुढे आहात.” मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, “आज वीस मिनिटांत काय होईल ते करा. उद्यापासून अशाच लिफ्टने सव्वासातला येणार असाल तर सलोनीचा विषय नको.”

मालनने सहा पोळ्या आणि कोबी केली. आठला डबे भरले.

दुपारी बाराला मेकॅनिक आला. तीन आठवडे न मिळालेला सर्व्हिस लिफ्टचा पार्ट त्याच्या खिशातच होता. एकपर्यंत लिफ्ट सुरू झाली. दीडला एजन्सीचा फोन आला. कुशाबा घाडी याने नम्रताताई आणि रहिवासी यांच्यासमोर एका मोलकरणीला एकेरी हाक मारली, अशी तक्रार होती. उद्यापासून ड्युटी खाली पार्किंगमध्ये. लॉबीत नवा वॉचमन येईल, आणि सर्व्हिस लिफ्ट आता चालू असल्याने बायकांना प्रेमाने तिकडे वळवायचं, असं त्याला सांगितलेलं होतं.

संध्याकाळी गंगाधर काका खोलीवर आले. त्यांच्या मते लढा यशस्वी झाला होता. सर्व्हिस लिफ्ट दुरुस्त झाली होती.

“काका, आमी सर्व्हिस लिफ्ट मागितली नव्हती,” मालन म्हणाली.

“टप्प्याटप्प्याने जायचं असतं.”

“सकाळी खेपेने जाऊ देत नव्हता, आता टप्प्याने जा म्हणता.”

काकांनी चहा बशीत ओतला. कुशाबा दारात बसून गणवेशाचं बटण लावत होता.

“माझ्यापायी गेलात खाली,” मालन त्याला म्हणाली.

“खाली बरा आसा. थंड.” त्याने दोरा दाताने तोडला. “कोण येणा नाय थय. गाड्यावाले लिफ्टीत चढतत तेवढेच.”

“खंयच्या लिफ्टीत?”

“मेनच्या. ती थयसूनच, पार्किंगातसूनच सुटता.”

मालनचा चमचा हातात राहिला. काकांचा चहा बशीत राहिला. कुशाबाला आपण काय बोललो ते जरा उशिरा कळलं, आणि कळल्यावर त्याने दुसरं बटण शोधायला घेतलं, जे तुटलेलं नव्हतं. मालनने जेनला फोन लावला. ज्यांना घाई, त्या बारा जणी पहिल्या खेपेला, दोघी दुसऱ्या. काकांनी ही तांत्रिक दुरुस्ती म्हणून वहीत घेतली आणि मतदान नको म्हणाले.

शुक्रवारी सात वाजता बारा बायका पार्किंगच्या उतारावरून खाली गेल्या. मालन सगळ्यांत पुढे होती. तिच्या चालीने बाकीच्या चालत होत्या. खाली एकच दिवा आणि पेट्रोलचा वास. कुशाबाने लिफ्ट बोलावून ठेवली होती. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. गाड्यांचे नंबर तपासत होता, तेच तेच.

लिफ्ट एक मजला चढून लॉबीत थांबली. दार उघडलं. नवा वॉचमन सावधान उभा होता. बाहेरून आत येणाऱ्या बायकांचं काय करायचं ते त्याला सांगितलेलं होतं. आतून येणाऱ्यांचं सांगितलेलं नव्हतं. त्याने सलाम ठोकला. त्याच्या मागे हितेंद्र होते, चालून आलेले, मानेवर टॉवेल.

जेनने मोबाईल वर धरला, काल लवूने धरला होता तसा. मालनने हातातली पिशवी पोटाशी घेतली आणि जरा सरकली.

“या साहेब. बारा आहोत. एक जागा आहे.”

हितेंद्रांनी मोजलं. बाराच होत्या. एक जागा होती, मालन आणि आरसा यांच्यामध्ये, एका माणसाला पुरेल अशी. दार मिटू लागलं, जेनने हात घालून ते धरलं. दार उघडलं. पुन्हा मिटू लागलं, पुन्हा धरलं.

“साहेब, डब्याला उशीर होतोय,” मालन म्हणाली. “येताय ना?”

“व्हा तुम्ही पुढे,” हितेंद्र म्हणाले.

मेन लिफ्ट वर गेली. हितेंद्रांनी डावीकडे बघितलं. सर्व्हिस लिफ्टचं दार उघडं होतं आणि दोन हमाल सतराव्या मजल्याचा एक नवा फ्रिज आत घालून उभे होते.

“यायचं असेल तर या, साहेब,” त्यातला एक म्हणाला. “फक्त पोट आत घ्या.”